ओझे उतरल्यावर

ज्या दुखण्याने मनुष्य अंथरुणास खिळत नाही व ज्याची खूण अंगावर दिसत नाही, त्या दुखण्याविषयी जगास फारशी कणव वाटत नाही. क्षय, हृद्रोग, अर्धांगवायू ही नावे उच्चारताच ऐकणाराचा चेहरा गंभीर होतो. परंतु ‘मला बारा वर्षे पडसे आहे’ असे कोणी सांगितले, तर चार मंडळी हसू आवरतात व पाचवे गृहस्थ सुंठीचा काढा सुचवितात. यात कोणाचा दोष आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पडसे सर्वांस येते व आठ दिवसांत जाते. त्यामुळे ते सर्वांच्या ओळखीचे आहे, आणि जे ओळखीचे आहे असे वाटते त्याची विचारपूस कोणी करीत नाही. आम्हांस स्वतःस अनुभव नसता तर आम्हीही त्या चार मंडळींतच मोडलो असतो.

नाकाभोवतालच्या पोकळ्यांचा जो जुनाट विकार हल्ली ‘सायनस’ या नावाने घरोघरी ठाऊक आहे, तो आमच्या मागे बारा वर्षे होता. त्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यास आता पाच वर्षे होत आली. भेटणारे स्नेही विचारतात, ‘मग, आता बरे आहे ना?’ हा प्रश्न इतका साधा आहे की त्यास ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक उत्तर सहज देता यावे. परंतु ते देताना आम्ही दर वेळी अडखळतो. अडखळण्याचे कारण शोधू लागलो, तेव्हा आम्हांस असे आढळून आले की, हा प्रश्न वरून वैद्यकाचा दिसत असला तरी आतून तो तत्त्वज्ञानाचा आहे. बरे झालो हे ठरवावयाचे कोणी? दुखणे उतरणे म्हणजेच सुखी होणे काय? आणि जो उतार पूर्ण नाही, कदाचित् कायमचाही नाही, त्याकरिता केलेला खटाटोप सार्थकी लागला असे म्हणावे काय? या तीन प्रश्नांचा विचार वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. मनुष्याच्या चेहऱ्याची हाडे भरीव नाहीत. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात व त्याहून मागे कवटीच्या तळाशी हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांस आतून पातळ त्वचेचे अस्तर असते व त्या अस्तरावर डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म केस असतात. हे केस अहोरात्र एका ठराविक दिशेने हलत राहून, पोकळीत तयार होणारा पातळ श्लेष्मा एका अरुंद द्वाराकडे लोटतात व तेथून तो नाकात उतरतो. अस्तर सुजून हे द्वार बंद झाले की आतला स्राव आतच कोंडतो, घट्ट होतो व सूज अधिकच वाढते. हा प्रकार बारा आठवडे किंवा अधिक काळ टिकला म्हणजे वैद्य त्यास जुनाट म्हणतात. कित्येकांच्या नाकात सुजलेल्या अस्तराचे द्राक्षासारखे घोस लोंबू लागतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे एकतीस रोग सांगितले आहेत, त्यांत नासार्श व दुष्ट प्रतिश्याय यांची नावे आहेत. यावरून हे दुखणे आजच्या शहरांतील धुराचेच अपत्य आहे असे नव्हे, हे उघड होते.

या रोगाने मनुष्य मरत नाही, निदान सहसा मरत नाही. परंतु तो जगतो कसा? आमचा व्यवसाय शिकविण्याचा. नाक बंद असलेल्या माणसाच्या तोंडून ‘म’चा ‘ब’ व ‘न’चा ‘द’ होतो; वर्गात ‘मन’ म्हणावयास जावे तर ‘बद’ उमटे आणि मागच्या बाकांवर खसखस पिके. सकाळी उठावे तो तोंड कोरडे, डोके जड, जणू रात्री झोप लागलीच नाही. वाकून बूट घालताना कपाळात कळ येई. गंध तर पुरताच गेला होता. एकदा शेजारच्या खोलीत दूध करपून धूर झाला, तेव्हा धूर डोळ्यांस झोंबल्यावर आम्हांस त्याची वार्ता लागली. यांपैकी कोणतीही एक गोष्ट घेतली तर ती क्षुल्लक आहे. परंतु क्षुल्लक गोष्टी रोज, प्रत्येक तासास व वर्षानुवर्षे आल्या म्हणजे त्यांचा स्वभाव बदलतो. इ.स. १९९५ मध्ये ग्लिकलिच व मेटसन या अमेरिकन शल्यवैद्यांनी असे दाखवून दिले की, या विकारासाठी तज्ज्ञाकडे येणारे रोगी आपल्या शारीरिक वेदना व समाजात मिसळण्याची क्षमता यांविषयी जे सांगतात, ते हृदय दुर्बल झालेल्या किंवा फुप्फुसाचा जुनाट रोग असलेल्या रोग्यांच्या सांगण्याहूनही वाईट असते. सुंठीचा काढा सुचविणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी हे एकदा वाचावे असे आम्हांस पुष्कळदा वाटले.

औषधांनी न भागल्यास शस्त्रक्रिया करितात. तिचा इतिहास बोधप्रद आहे. इ.स. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी व १८९७ मध्ये पॅरिसच्या ल्यूक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे जी रीत सांगितली, ती पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालली. वरचा ओठ उचलून गालाचे हाड पुढून फोडावयाचे, आतले रोगट अस्तर खरवडून काढावयाचे आणि पोकळीच्या तळाशी नाकात उघडणारे नवे भोक पाडावयाचे, अशी ती रीत होती. पाणी उताराकडे वाहते, तेव्हा भोक खाली असावे, हा तर्क दिसावयास बिनतोड होता. परंतु शरीराने तो मानला नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांनी नाकात दुर्बीण घालून वर्षानुवर्षे निरीक्षण केले, तेव्हा असे दिसून आले की, खाली कितीही मोठे भोक पाडलेले असो, ते सूक्ष्म केस आपला श्लेष्मा त्यास वळसा घालून वरच्या मूळच्या द्वाराकडेच नेत असतात. ते द्वार बंद असेल तर खालचे भोक व्यर्थ. ते मोकळे केले तर रोगट दिसणारे अस्तरही कालांतराने पुष्कळ अंशी सुधारते. मेसरक्लिंगर यांचा ग्रंथ १९७८ मध्ये इंग्रजीत निघाला. त्यांचे शिष्य स्टामबर्गर व अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास ही पद्धती जगभर नेली. हल्ली नाकपुडीतूनच दुर्बीण घालून जी शस्त्रक्रिया होते ती हीच. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. शरीराची जी वाट बुजली होती ती उघडून देणे, एवढाच तिचा हेतू असतो.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या शल्यवैद्यास रोग म्हणजे काढून टाकावयाची वस्तू वाटे. नव्यास रोग म्हणजे अडलेले कार्य वाटते. वस्तू काढली की नाही हे डोळ्यांनी पाहता येते; परंतु कार्य सुधारले की नाही हे ज्याचे ते कार्य आहे त्यास विचारल्यावाचून कळणे कठीण. अशा रीतीने, शस्त्रक्रिया जसजशी सूक्ष्म झाली तसतशी रोग्याच्या साक्षीची किंमत वाढत गेली. आमचा पहिला प्रश्न येथेच उद्भवतो.

या खटल्यात साक्षीदार दोन आहेत. एक क्ष-किरणांनी घेतलेले चित्र. इ.स. १९९३ मध्ये लंड व मॅके यांनी अशी चित्रे वाचून प्रत्येक पोकळी किती भरली आहे याचे शून्यापासून चोवीसपर्यंत गुण देण्याची रीत घालून दिली. दुसरा साक्षीदार म्हणजे रोगी स्वतः. त्याची साक्ष नोंदविण्याकरिता बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे: नाक चोंदते काय, शिंका येतात काय, वास येतो काय, कान दडपतात काय, रात्री जाग येते काय, थकवा, एकाग्रता, चिडचिड, खिन्नता, लाज. प्रत्येक प्रश्नास शून्यापासून पाचपर्यंत गुण रोग्याने आपले आपण द्यावयाचे. एकूण ११० पैकी जितके अधिक तितके दुखणे अधिक. आता सामान्य बुद्धीस असे वाटेल की, या दोन साक्षी जुळाव्या. ज्याच्या पोकळ्या अधिक भरलेल्या त्याचे हाल अधिक. परंतु अनेक ठिकाणी ताडून पाहता त्या फारशा जुळत नाहीत असे आढळले आहे. चित्र भयंकर व मनुष्य त्यामानाने सुखी, किंवा चित्र बरेचसे स्वच्छ व मनुष्य त्रस्त, असे दोन्ही प्रकार नित्य दिसतात.

ज्यांना यंत्राचीच साक्ष खरी वाटते, त्यांच्या बाजूस एक बळकट पुरावा आहे. पुदिन्याच्या अर्काचे स्फटिक हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कार्डिफ येथील एक्लेस यांनी नाकातून जाणाऱ्या हवेचे माप घेऊन पाहिले, तेव्हा तो मोकळेपणा निव्वळ वाटण्यातला ठरला. वाट होती तेवढीच अरुंद होती. नाकातील ज्या मज्जातंतूंना थंडाव्याची जाणीव होते त्यांस हा पदार्थ चेतवितो, इतकेच. मग रोग्याच्या ‘वाटण्यावर’ विश्वास तो काय ठेवावा? परंतु याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. कित्येक रोग्यांच्या नाकातील शिंपल्यासारख्या वळणाच्या हाडांचा भाग प्रमाणाबाहेर कापला गेल्यावर त्यांची नाकपुडी अगदी प्रशस्त होते; हवा मुबलक जाते; परंतु रोगी म्हणतो की माझा जीव गुदमरतो. या स्थितीस ‘रिते नाक’ अशा अर्थाचे नाव १९९४ मध्ये अमेरिकेत मिळाले. कित्येक वर्षे अशा माणसांस मनोरुग्ण म्हणून वाटेस लावले जाई, कारण यंत्र म्हणे की वाट मोकळी आहे. पुढे विचारवंत वैद्यांच्या लक्षात आले की, आत जाणारी हवा अस्तरास गार करिते व त्या गारव्यावरूनच आपणांस श्वास गेल्याची जाणीव होते. ते अस्तरच गेले तर हवा आत जाऊनही गेल्यासारखी वाटत नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेविली म्हणजे आमच्या मते निर्णय असा होतो. वाट किती रुंद आहे, हा प्रश्न असेल तर रोग्याची साक्ष अग्राह्य आहे; तेथे यंत्रच प्रमाण. परंतु त्रास आहे की नाही, हा प्रश्न असेल तर यंत्राची साक्ष अग्राह्य आहे; कारण त्रास ही वाटण्याहून निराळी वस्तूच नव्हे. ‘तुला दुखते असे वाटते, पण दुखत नाही’ या वाक्यास अर्थ नाही. कारणाविषयी रोगी चुकू शकतो, उपायाविषयी चुकू शकतो. त्रासाच्या अस्तित्वाविषयी त्याची साक्ष अखेरची आहे. ही प्रश्नावली कागदाचा एक तुकडा आहे खरा. परंतु शतकानुशतके ज्याला ‘तुझे तुला काय कळते’ म्हणून गप्प बसविले, त्या रोग्यास तिने न्यायासनासमोर उभे केले, हा तिचा नैतिक पराक्रम लहान नव्हे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इ.स. २०००–२००१ मध्ये इंग्लंड व वेल्स येथे शस्त्रक्रिया झालेल्या तीन हजारांहून अधिक रोग्यांस हे प्रश्न पुनःपुन्हा विचारण्यात आले. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्या गुणांची सरासरी सुमारे ४२ होती. पाच वर्षांनी ती सुमारे २८ होती. नऊ गुणांचा फरक पडला म्हणजे रोग्यास स्वतःस तो जाणवतो, असा हिशेब आहे. तेव्हा चौदा गुणांचा उतार खराच उतार होय. परंतु नाकाचा काहीही रोग नसलेल्या माणसांची बेरीज दहाच्या आत येते. म्हणजे पाच वर्षांनीही हा सरासरीचा रोगी निरोगी माणसाच्या पंक्तीस बसला नव्हता. आणि त्या पाच वर्षांत सुमारे पाचांतील एकास पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. शिवाय या बेरजेत शिंकेस पाच गुण आणि गंधासही पाचच. कानाच्या दडप्यास पाच आणि खिन्नतेसही पाचच. ज्याने अकरा वर्षांत पावसाळ्याच्या पहिल्या सरीचा वास घेतला नाही, त्याने आपला तोटा शिंकेच्या वजनाने कसा मोजावा? आणि त्या बावीस प्रश्नांत असा एकही प्रश्न नाही की, तुझ्या दुखण्याने तुझ्या घरातील माणसांचे काय झाले.

आता दुसरा प्रश्न. हा उतार म्हणजे सुख काय? हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. नैयायिकांनी मोक्षाची व्याख्या दुःखाची अखेरची व समूळ निवृत्ती अशी केली. त्यात आनंद म्हणून निराळे काही मानले नाही. वेदान्ती म्हणाले, असला मोक्ष तर दगडासही आहे. त्यासाठी तपश्चर्या कशास? मग श्रुतीत ‘आनंद’ हा शब्द का यावा? यावर नैयायिकांचे उत्तर मार्मिक आहे. डोईवरचे ओझे उतरले की हमाल म्हणतो, ‘मी सुखी झालो.’ त्यास नवीन काही मिळालेले नसते. होते ते गेले, एवढेच. त्या जाण्यासच तो सुख म्हणतो. उलटपक्षी लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या ‘सुखदुःखविवेक’ या प्रकरणात या मताची चिकित्सा करून, सुख हा दुःखाचा केवळ अभाव नसून सुख व दुःख या दोन स्वतंत्र वेदना आहेत, असे प्रतिपादिले आहे. ग्रीकांतही हा वाद झाला. एपिक्यूरस वेदनेचा अभाव हीच सुखाची परिसीमा मानी. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या नवव्या भागात सॉक्रेटिस म्हणतो की, आजारी माणसे आरोग्यासारखे सुख नाही असे सांगतात, परंतु आजारापूर्वी त्यांस त्या सुखाची जाणीवही नसते, आणि खालून मधल्या मजल्यावर आलेला मनुष्य, वरचा मजला न पाहिल्यामुळे, आपण माथ्यावर आलो असे समजतो.

हा वाद आम्ही विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी वाचला होता. त्याचा निकाल पुढे आमच्याच नाकात लागेल अशी कल्पना नव्हती. आणि निकाल लागला तोही मोठा चमत्कारिक. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पंधरा दिवस कष्टाचेच गेले. रक्ताच्या खपल्या, दडपण, वैद्याकडे खेपा. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री आम्ही जागे झालो. कारण शोधता असे कळले की, तोंड मिटलेले आहे व श्वास नाकाने चालला आहे. ते आम्हांस इतके अपूर्व वाटले की पहाटेपर्यंत आम्ही निव्वळ श्वास घेत पडून राहिलो. हे झाले हमालाचे सुख. त्यानंतर चार दिवसांनी स्वयंपाकघरात लोणी कढत असता त्यात विड्याचे पान पडले, आणि तो वास आमच्यापर्यंत पोहोचला. अकरा वर्षांनी आलेला तो पहिला वास. डोळ्यांत पाणी आले हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. येथे कोणतेही ओझे उतरले नव्हते; तूप कढल्याचा वास न येणे ही काही वेदना नव्हे. येथे नवीन काही मिळाले होते. म्हणजे एकाच शस्त्रक्रियेने नैयायिकांचे सुखही दिले व टिळकांचेही.

पुढे काय झाले ते पाहा. नाकाने श्वास घेण्याचे ते अपूर्व सुख महिन्याच्या आत नाहीसे झाले. श्वास चालूच होता, आजही चालू आहे. परंतु त्याची जाणीव गेली. गंधाचे सुख मात्र ताजे राहिले: भिजलेली माती, नव्या पुस्तकाची पाने, मेतकूट, अबोलीच्या गजऱ्यात मिसळलेला मरवा. परंतु दीड वर्षाने तो गंध मंद होऊ लागला व अडीच वर्षांच्या सुमारास पुन्हा गेला. तपासणीत घोस नव्याने धरू लागल्याचे दिसले. औषधी फवाऱ्यांनी अधूनमधून दोन-चार दिवस वास येतो व जातो. थोडक्यात सांगावयाचे तर जे सुख जाणवत होते ते टिकले नाही, आणि जे टिकले ते जाणवत नाही.

त्या दिवसांत आम्ही घरात वारंवार बोलत असू की, पैसा गेला, कष्ट गेले व हाती काही राहिले नाही. एके दिवशी आमच्या कुटुंबाने हे ऐकून घेतले व शांतपणे सांगितले, “वास गेला हे तुम्ही रोज सांगता. रात्री झोप लागते हे एकदा तरी सांगितले आहे का? बारा वर्षे तुम्ही या घरात होता, पण तुमचे लक्ष तुमच्या कपाळात होते. मुलगी काही विचारायला आली की तुमच्या भिवया आधी वर जात. आता ती तुमच्याजवळ बसून बोलते, हे तुमच्या ध्यानात आले नाही, माझ्या आले.”

या बोलण्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि अधिक विचार करता, उत्तर नव्हतेच असे दिसून आले. दुखण्याचा खरा कर वेदनेच्या रूपाने घेतला जात नाही. तो अवधानाच्या रूपाने घेतला जातो. दुखणारा मनुष्य पुस्तक वाचतो तेव्हा अर्धे मन कपाळात असते. मुलाचे बोलणे ऐकतो तेव्हा अर्धे मन घशाशी असते. हा कर माफ झाला म्हणजे हाती सुख नावाची वस्तू येत नाही. हाती येते ते मोकळे मन. आणि मोकळे मन स्वतःकडे पाहत बसत नाही. ते पुस्तकात जाते, मुलीच्या बोलण्यात जाते. म्हणून त्या उताऱ्याचा विसर पडणे हा त्याचा दोष नव्हे. तीच त्याची पूर्णतेची खूण होय. नैयायिकांचे ‘दुःख गेले’ हे म्हणणे आम्हांस खरे वाटते, परंतु अपुरे वाटते. डोईवरचे ओझे उतरल्यावर हमालास किती सुख झाले, यापेक्षा मोकळी झालेली मान त्याने कोणाकडे वळविली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे; आणि या प्रश्नाचे उत्तर प्रश्नावलीत सापडत नाही, कारण ते बहुधा दुसऱ्याच माणसास ठाऊक असते.

एवढे मान्य केले तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप येते. अपुरा व अनिश्चित उतारही सार्थकी लागलेला उतार होय. मात्र तो तसा ठरावा यासाठी तिघांवर काही कर्तव्ये येतात. पहिले वैद्यावर. त्याने ‘तुझा रोग काढून टाकतो’ असे वचन देऊ नये. ‘वाट उघडून देतो, ती उघडी ठेवण्याचे काम पुढे तुझे व माझे’ असे सांगावे. इ.स. २०१९ पासून काही निवडक रोग्यांसाठी सुईने द्यावयाची नवी औषधेही निघाली आहेत. परंतु तीही बहुतेकांस घेत राहावी लागतात. बरे करण्याचे वचन पाळता आले नाही म्हणजे मिळालेला खरा उतारही रोग्यास फसवणुकीसारखा वाटू लागतो. अपेक्षेचे माप खोटे दिल्याने मिळालेली वस्तू लहान होते. ही चोरी कोणत्याही कायद्यात सापडत नाही, पण ती चोरीच आहे.

दुसरे कर्तव्य घरच्या माणसांवर. दुखणे दिसत नाही एवढ्यावरून ते नाही असे समजू नये. आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे आता कुरकुर करण्याचा हक्क संपला असेही समजू नये. ज्याची साक्ष दुसऱ्या कोणासही देता येत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हा सौजन्याचा नव्हे, न्यायाचा भाग आहे. कोणी ढोंग करील ही भीती आहेच. परंतु एका ढोंग्याने फसविल्याने जेवढी हानी होते त्याहून, दहा खऱ्या दुखणाइतांस खोटे ठरविल्याने होणारी हानी मोठी आहे असे आम्हांस वाटते.

तिसरे कर्तव्य रोग्यावर, म्हणजे आमच्यावर. ज्या सुखाची जाणीव राहत नाही त्याबद्दल कृतज्ञता आपोआप उत्पन्न होत नाही. ती नेमाने करावी लागते, जशी संध्या नेमाने करावी लागते. योगायोगाने आमच्या रोगाने या नेमाची सोय करून दिली आहे. ‘हठप्रदीपिके’त सांगितलेली नेती सुताची आहे, पाण्याची जलनेती आज अधिक प्रचारात आहे, आणि या शस्त्रक्रियेनंतर मिठाच्या पाण्याने नाक रोज धुवावे, असा सल्ला आजचे पाश्चात्य शल्यवैद्यही आवर्जून देतात. पाणी उकळून कोमट केलेले असावे, मीठ बेताचे असावे, भांडे स्वच्छ असावे. यापलीकडे त्यात गूढ काही नाही. एका नाकपुडीतून घातलेले पाणी दुसरीतून निर्वेध बाहेर पडते, तेव्हा त्या पाच मिनिटांत आम्हांस रोज एकदा आठवण होते की, ही वाट एके काळी बंद होती.

नेती आटोपली की आम्ही तोंड पुसतो व चहास बसतो. चहाचा वास येत नाही. हे दुःख आहे, आणि ते नाही असे आम्ही म्हणणार नाही. तत्त्वज्ञानाने गेलेला गंध परत आणल्याचे ऐकिवात नाही. परंतु समोर मुलगी वर्तमानपत्र वाचीत बसलेली असते व मध्येच एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखविते. ती काय म्हणते हे आम्ही अथपासून इतिपर्यंत ऐकतो. स्नेह्यांनी यापुढे ‘आता बरे आहे ना?’ असे विचारल्यास, अडखळल्यावाचून ‘बरे आहे’ असे उत्तर द्यावयाचे आम्ही ठरविले आहे. त्याहून नेमके उत्तर ज्यांस हवे असेल त्यांनी ते आमच्या घरच्या मंडळींस विचारावे.